डोर्लेचं वाक्य

मुलगी याच गावात राहते, हे नेगेले मास्तर न्याहारीच्या वेळी बोलून गेले आणि लगेच पस्तावले. त्यांच्यापुढे उकडलेलं अंडं ठेवणाऱ्या तीसेनबाईंचा हात जागीच थांबला. नदीकाठचं हे छोटंसं लॉज बाई एकट्याच चालवत, आणि पाहुण्यांच्या घरची खबरबात हा त्यांचा आवडता विषय होता.

"मुलगी ल्यूबेकात आणि तुम्ही माझ्याकडे उतरलात?"

"तिची जागा लहान आहे."

"इथं सगळ्यांच्याच जागा लहान. माझ्या बहिणीकडे कूस बदलायची तर आधी खिडकी उघडावी लागते. तरी तिची लेकरं येतात आणि राहतात."

मास्तर हसले आणि चमच्यानं अंड्याचं टोक फोडू लागले. डोर्लेची जागा लहान आहे की मोठी, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

गेबहार्ट नेगेले हे थेट दक्षिणेकडच्या रीडलिंगेन गावचे. तिथल्या शाळेत त्यांनी हयातभर लॅटिन आणि इतिहास शिकवला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पावाच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. डोरोतेआ त्यांची एकुलती एक, घरातली डोर्ले. शिक्षण संपताच ती देशाच्या या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ येऊन राहिली. दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळालं होतं. याहून लांब जायचं तर पोरीला होडीच लागली असती, असं मास्तरांची बायको लिओबा म्हणायची. लिओबा होती तोवर मायलेकींचं आपसांत सगळं चालू असे, आणि त्यातलं थोडंफार झिरपत मास्तरांपर्यंत पोचे. दोन वर्षांपूर्वी लिओबा गेली. त्यानंतर डोर्लेनं घर बदललं. नवा पत्ता मास्तरांनी फोनवर विचारला तेव्हा ती कळवते म्हणाली, आणि तो विषय तसाच राहिला.

दर रविवारी दुपारचं जेवण झालं की मास्तर तिला फोन करीत. त्यात बोलणं बहुतेक त्यांचंच असे. या ऑक्टोबरात त्यांनी मनाचा हिय्या केला आणि भेटायला येतो म्हणून सांगितलं. तिचं उत्तर यायला वेळ लागला. शुक्रवारी पाचपर्यंत काम आहे, पाचनंतर ह्यूक्स गल्लीतल्या कॅफेत भेटू, तोवर गाव बघून घ्या, चालत सगळं बघून होतं, असा मेसेज आला. घरी ये असं त्यात कुठं नव्हतं. मास्तरांनी तो तीनतीनदा वाचून पाहिला होता.

म्हणून त्या शुक्रवारी न्याहारी आटोपून मास्तर गाव बघायला निघाले.

बाहेर वारा सुटला होता. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, पण हवेतच पाणी होतं आणि ते येऊन चष्म्यावर बसत होतं. जुनं गाव चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेलं, त्यामुळे कोणताही रस्ता धरला तरी शेवटी नदीच आडवी येत होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत ते शिरले आणि सवयीनं आपल्याकडचा, देवाचं नाव घेणारा नमस्कार करून बसले. काउंटरमागच्या बाईनं इकडचं तुटक "मोइन" केलं आणि विचारलं, "ऑस्ट्रियाहून का?"

"नाही. जर्मनीतूनच."

"असं होय," ती म्हणाली. तुम्ही म्हणताय तर असेल, असा तिचा सूर होता. मास्तरांनी दालचिनीचा पाव घेतला आणि तो न खाताच खिशात ठेवला.

गावाच्या वेशीपाशी, त्या दोन जाड बुरुजांच्या होल्स्टन दरवाज्यासमोर, एका तरुण जोडप्यानं त्यांना फोटो काढायची विनंती केली. मास्तरांनी अगदी काळजीपूर्वक, वेशीची दोन्ही टोकं आत येतील असा फोटो काढून दिला. मुलगा म्हणाला, आता तुमचा काढू का? मास्तर नको म्हणाले, मग फोन त्याच्या हाती दिला आणि हिरवळीवर जाऊन उभे राहिले. जोडपं निघून गेल्यावर त्यांनी तो फोटो पाहिला. दरवाजा दलदलीच्या जमिनीत खचून एका अंगाला कललेला, आणि पुढं एक म्हातारा दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, वर्गाच्या फोटोत उभं राहावं तसा ताठ. चांगला आला होता फोटो. पण तो पाठवायचा कोणाला, हे त्यांना पटकन सुचेना. पूर्वी ते अशा वेळी लिओबाच्या हातात कॅमेरा द्यायचे आणि ती म्हणायची, पोट आत घ्या. मास्तरांनी फोन बंद करून खिशात टाकला.

मग ते सेंट पीटरच्या मनोऱ्यावर गेले. वर लिफ्ट जाते. वरती वारा असा होता की टोपी हातात धरावी लागली. खाली सगळं गाव पसरलेलं: लाल कौलं, पायऱ्यापायऱ्यांची घरांची टोकं, हिरवे पडलेले तांब्याचे कळस, आणि भोवती राखाडी पाणी. इतर लोक समुद्र कुठल्या बाजूला दिसतो ते शोधत होते. मास्तर कौलं बघत होते. यातलं एक डोर्लेचं. कुठलं तरी एक. त्यांनी उत्तरेकडून सुरुवात करून एकेक गल्ली नजरेनं चाळली. एका गच्चीत कोणी बाई चादर झटकत होती, तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. डोर्ले आता कामावर असणार, हे आठवल्यावर त्यांनी नजर काढून घेतली.

सेंट मेरीच्या चर्चमध्ये ते जरा ऊब मिळेल म्हणून शिरले, पण आत बाहेरच्याहून जास्त गारठा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्याच्या रात्री मनोऱ्यावरून कोसळलेल्या घंटा तिथं एका कोपऱ्यात जशा पडल्या तशाच ठेवल्या आहेत. फुटलेल्या, वितळून चेपलेल्या, फरशीत रुतलेल्या. जाळीपलीकडे कोणी फुलं ठेवली होती. मास्तरांनी हा धडा वर्षानुवर्षं शिकवला होता. साल, वारा, आग कुठून कुठं पसरली, सगळं त्यांना पाठ होतं. पण आज त्यातलं काही आठवलं नाही. एवढी मोठी वस्तू आणि तिचा काही आवाज नाही, एवढंच मनात आलं. शेजारी उभी असलेली एक बाई डोळे पुसत होती. तिला काही विचारावंसं मास्तरांना वाटलं. काय विचारावं, ते मात्र ठरेना. ती निघून गेली.

दुपारी नदीकाठच्या टपरीवर त्यांनी खारवलेल्या हेरिंग माशाचा पाव घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. टपरीवाल्याला गप्पांची हौस नव्हती. कांदा घालू का, एवढं त्यानं विचारलं. सकाळपासून मास्तरांशी झालेलं बोलणं मोजायला बसलं तर मूठभरसुद्धा भरलं नसतं. तसं रीडलिंगेनलाही रोज याहून फार वेगळं नसे. पण तिथं घरचा रेडिओ असतो, जिन्यात शेजारीण भेटते, आणि माणसाला ते कळून येत नाही.

खाणं झालं आणि खरोखरीचा पाऊस सुरू झाला. मास्तर आडोसा शोधत चढाच्या गल्लीनं वर निघाले. तिथल्या घरांच्या रांगेत मधेमधे दारासारखी भोकं आहेत, ठेंगण्या माणसालाही वाकायला लावणारी. त्यातून आत गेलं की घरांच्या पोटातून जाणारा बोळ लागतो, आणि बोळाच्या शेवटी एक अंगण, त्याभोवती खेळण्यातली वाटावीत अशी बुटकी घरं. एका भोकाच्या तोंडाशी मास्तर पावसासाठी थांबले. आत उजेड दिसला, म्हणून टोपी काढून, कमरेत वाकून ते पुढं गेले.

अंगणात कोणी नव्हतं. भिंतींवर चढवलेल्या गुलाबाच्या वेलींवर शेवटची दोनचार फुलं, दारांशी टेकवलेल्या सायकली, एका पायरीवर मांजर. एका दारावर पाटी होती: कृपया खिडक्यांतून डोकावू नये. मास्तर डोकावणार नव्हतेच. ते छपराच्या कडेखाली भिंतीला पाठ लावून उभे राहिले. समोरची खिडकी अगदी खालच्या बाजूला होती, आणि आत दिवा लागलेला होता, एवढंच.

त्या खिडकीत त्यांना लिओबाचा स्वेटर दिसला.

मोहरीच्या रंगाचा, गुंडी गुंडीला वेगळा धागा असलेला, लिओबानं हातानं विणलेला. आत तो घालून कोणी बाई पाठमोरी बसली होती. क्षणभर मास्तर विसरले की लिओबा आता नाही. मग बाई जराशी वळली, आणि ती डोर्ले होती.

अंत्यविधी झाल्यावर आईच्या वस्तूंमधून काय हवं ते घे, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. तिनं तेवढा एक स्वेटर घेतला होता.

मास्तरांना आनंद झाला. पहिल्यांदा आनंदच झाला. पुढं होऊन काचेवर टिचकी मारायला त्यांनी हातसुद्धा उचलला. मग त्यांना आठवलं, ही तर पाचपर्यंत कामावर आहे. हात खाली आला.

टेबलावर दोन कप होते. एक तिच्यापुढे, एक पलीकडे. पलीकडची खुर्ची रिकामी होती. डोर्ले त्या खुर्चीकडे बघून बोलत होती. मास्तरांनी आधी कोणी दिसतं का पाहिलं, मग कानाला फोन आहे का पाहिलं. काही नव्हतं. खिडकीचा वरचा काठ हवेसाठी आत कललेला होता, आणि पाऊस जरा ओसरला तसं तिचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं.

"पपा," ती म्हणाली, "या वेळी मला शेवटपर्यंत बोलू द्या. मधे शब्द देऊ नका."

ती थांबली. खुर्चीला उत्तर द्यायला अवसर दिला. मान हलवली, कपातला घोट घेतला. मग पुन्हा पहिल्यापासून, त्याच सुरात: "पपा, या वेळी मला शेवटपर्यंत बोलू द्या."

मास्तर भिंतीला टेकले. त्यांना धक्का बसला तो त्या शब्दांचा नव्हता. डोर्ले अडखळत नव्हती. पाण्यासारखं सरळ बोलत होती. आपल्या मुलीला असं बोलताना त्यांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

लहानपणापासून तिचे शब्द अडायचे. ओठ मिटायचे, मान ताठ व्हायची, आणि पुढचं अक्षर काही केल्या सुटायचं नाही. उपचार झाले, व्यायाम झाले. जेवणाच्या टेबलावर ती काही सांगू लागली आणि घोडं अडलं की मास्तर पुढचा शब्द चटकन देऊन टाकत. पायरीवर अडखळणाऱ्याला हात द्यावा, इतक्या साधेपणानं. ती तो शब्द घ्यायची, मान डोलवायची, आणि गाडी पुढं जायची. संध्याकाळी जिन्याखालच्या कपडे धुण्याच्या खोलीतून तिचा एकटीचा आवाज यायचा. लिओबा म्हणायची, खेळू द्या तिला. बाहुल्यांशी बोलत असेल, असंच मास्तरांनी धरलं होतं. आपल्याशी काय बोलायचं याची ती तालीम करत असेल, हे त्यांना या अंगणात, या वयात कळलं.

"काय हवंय?"

मागं एक उंच माणूस निळी लोकरीची टोपी घालून, सायकल धरून उभा होता. हळू बोलायचं त्याच्या गावीही नव्हतं. मास्तर खिडकीपासून झटकन बाजूला झाले.

"काही नाही. पाऊस होता म्हणून..."

"पाऊस रस्त्यावरही थांबून बघता येतो. इथं माणसं राहतात, आजोबा. प्राणिसंग्रहालय नाही हे."

ती माझी मुलगी आहे, हे वाक्य मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. पण ते म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग दार का वाजवत नाही? ते म्हणाले, चुकलो.

त्यांचा चेहरा बघून तो माणूस जरा निवळला. "तुमच्या एकट्यावर राग नाही. परवा एकानं माझ्या खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, सूप कसलं आहे. बायको म्हणाली, ताट वाढून द्या आता त्यांना. जा तुम्ही. जाताना डोकं सांभाळा."

मास्तर घाईनं बोळात शिरले आणि वाकायचं विसरले. तुळईचा फटका कपाळावर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागं वळून न बघता ते रस्त्यावर आले.

त्यानंतर ते किती आणि कुठं चालले, ते त्यांना पुढं कधी नीट सांगता आलं नसतं. पूल ओलांडला, दुसऱ्या पुलावरून परत आले, त्याच दुकानापुढून पुन्हा गेले. शेवटी भानावर आले तेव्हा ते रेल्वे स्टेशनात बाकावर बसले होते. हॅम्बुर्गची गाडी लागलेली होती. सामान तीसेनबाईंकडे होतं, पण ते मागवून घेता आलं असतं. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं की झालं. डोर्लेला हायसं वाटेल, हेही त्यांना दिसत होतं. तिला जे सांगायचं आहे ते चांगलं नाही, एवढं कळायला लॅटिन लागत नव्हतं. चांगलं सांगायची कोणी इतकी तालीम करत नाही.

गाडीचे दरवाजे उघडे होते. मास्तर उठून त्यांच्यापर्यंत गेलेसुद्धा. पण मग त्यांना ती दुसरी खुर्ची दिसू लागली, आणि तिच्यापुढे ठेवलेला कप. त्या खुर्चीशी ती सकाळपासून बोलत असेल. संध्याकाळी कॅफेतही तिच्यापुढे रिकामीच खुर्ची ठेवायची, हे त्यांच्यानं होईना. गाडी गेली. मास्तर उलट्या पावली गावात परतले.

कॅफेत ते आधी पोचले. पाचनंतर थोड्या वेळानं डोर्ले आली. केस भिजलेले, खांद्याला पिशवी, अंगात गडद निळा कोट. मोहरी रंगाचा स्वेटर नव्हता. तिनं वाकून त्यांच्या गालाला गाल लावला.

"कामावरून थेट आले," ती म्हणाली. हे तिनं न अडखळता म्हटलं.

"दमली असशील."

"हो." मग ती त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. "काय ला… लागलं?"

"चर्चमध्ये. लक्ष नव्हतं."

सेंट मेरीच्या चर्चची दारं तर हत्ती जाईल एवढी. डोर्लेनं ओठ किंचित उघडले आणि मिटले. ल्यूबेकमध्ये राहणाऱ्या माणसाला कपाळावरची तशी खूण कुठं उठते ते सांगावं लागत नाही. तिनं पिशवी खुर्चीला अडकवली, आणि मास्तरांनी केकच्या काचेकडे बघायला सुरुवात केली.

त्यांनी कॉफी मागवली, तिनं चहा, आणि दोघांत मिळून बदामाच्या मार्झिपानच्या केकचा एक तुकडा. काहीतरी बोलायला हवं म्हणून मास्तरांनी लिओबाच्या थडग्याचं सांगितलं. नोव्हेंबर तोंडावर आला, सगळ्या मृतांचा दिवस जवळ आला, म्हणून जुनी रोपं काढून नवी लावली. शेजारच्या थडग्यावाल्यांनी दगडी देवदूत बसवला आहे, तो लिओबाला मुळीच आवडला नसता. डोर्ले त्यावर हसली. मग तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"पपा. या वेळी मला शे… शेवटपर्यंत बोलू द्या."

"बोल."

"मला सांगायचंय ते त्या फ…"

ओठ मिटले. मान ताठ झाली. मास्तरांना शब्द स्वच्छ दिसला: फुलं. थडग्यावरच्या त्या फुलांबद्दल. आताच तर तो विषय निघाला होता. शब्द जिभेवर येऊन बसला आणि बाहेर पडायला धडपडू लागला. त्यांनी तो दाताखाली धरला. शेजारच्या टेबलावरच्या बाया इकडे बघायला लागल्या. कॅफेवाली मुलगी आणखी काही हवं का विचारायला आली आणि बघून परत गेली. डोर्लेचे डोळे पाण्यानं भरले, पण तिनं नजर काढली नाही.

"…फोनबद्दल," ती म्हणाली. "रविवारच्या."

सवयीप्रमाणे मास्तर 'फुलं' म्हणून मोकळे झाले असते. तिनं मान डोलवली असती, हो, फुलांबद्दलच, म्हणाली असती, आणि दोघं फुलांवर बोलत बसली असती. आजवर आपण किती शब्द असे दिले, आणि त्यांतल्या किती शब्दांना ही हो म्हणाली?

डोर्ले बोलत होती. अडत होती, सुटत होती, पुन्हा अडत होती. शनिवार उजाडला की ती रविवारची वाक्यं घोकायला लागते. रविवारी दुपारी ती जेवत नाही. फोन वाजतो, ते काही विचारतात, ती सांगायला लागते, आणि तोवर त्यांनीच सांगून टाकलेलं असतं.

"तो माझा शब्द नसतो, पपा. पण मी हो म्हणते. हो म्हटलं की फो… फोन लवकर संपतो. मम्मी थांबायची. स्वयंपाक करायची, भांडी घासायची, पण थांबायची." तिनं श्वास घेतला. "तुम्ही फोन करू नका. मला जमेल तेव्हा मीच करीन. कधी जमेल ते मला मा… माहीत नाही. आणि म्हणून घरी बोलावलं नाही. घर माझं आहे. तिथं मी अजून बरी बोलते."

मास्तरांना पुष्कळ म्हणायचं होतं. चांगल्या हेतूनं केलं, हे म्हणायचं होतं. रविवारची ती दुपार सोडली तर आठवड्यात मला दुसरं काही नसतं, हे तर अगदी म्हणायचं होतं. ते म्हणाले, "बरं."

"रागावलात?"

"नाही." मग त्यांनी विचारलं, "कार्ड पाठवलं तर चालेल? नाताळाला?"

तिनं विचार केला. खराखुरा विचार केला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "या वर्षी नको," ती म्हणाली.

त्यानंतर मात्र तिला भूक लागली. केक तिनंच संपवला. चमच्याला लागलेलं मार्झिपान चाटता चाटता ती कामातलं काही सांगायला लागली: एका म्हातारबुवांना त्यांच्या कवळीत पुढचा एक दात पूर्वी होता तसाच वाकडा हवा होता, कारण बायको त्यांना त्या दातावरून ओळखायची. मधेच अडली, मास्तर थांबले. पुन्हा अडली, ते थांबले. चहा गार झाला, कॉफी गार झाली. गोष्ट लहानशी होती, तिला बराच वेळ लागला. तिचा शेवट मास्तरांना आधी ओळखता आला नाही.

बाहेर पाऊस थांबला होता. ह्यूक्स गल्लीच्या तोंडाशी दोघं उभी राहिली. डोर्लेनं उजवीकडे हात केला. "मी इकडून जाते. जरा लांब आहे."

तिचं घर डावीकडे होतं. "जा," मास्तर म्हणाले, "अंधार पडायच्या आत पोच."

ती उजवीकडे चालू लागली. तिला कुठं तरी वळसा घेऊन परत यावं लागणार होतं, आणि आपण इथं रेंगाळलो तर ती उगाच जास्त चालेल, म्हणून मास्तर लगेच निघाले. लॉजवर तीसेनबाईंनी विचारलं, लेक काय म्हणते? छान आहे, ते म्हणाले, खूप बोलली. आणि मग कपाळाकडे बघत बाईंनी न विचारताच बर्फाची पिशवी आणून दिली.

रीडलिंगेनमध्ये त्यांचे रविवार लांबले. जेवण झालं की हात आपोआप फोनकडे जाई, म्हणून ते त्या वेळी घराबाहेर पडू लागले. डोनाउ नदीच्या काठानं धरणापर्यंत जायचे आणि दिवे लागायच्या सुमारास परतायचे. लोकांना वाटलं, मास्तरांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. नाताळ आला आणि गेला. जानेवारीत नदीच्या कडा गोठल्या, तरी ते जात राहिले. कोणी विचारलं तर मुलगी बरी आहे म्हणून सांगत. ती खरोखर बरी आहे की नाही, हे कळायची आता काही सोय नव्हती.

फेब्रुवारीत एका बुधवारी ते मसूर शिजत ठेवून बटाटे सोलत होते, तेव्हा फोन वाजला. उचलला तर पलीकडे काही आवाज नाही. मग एक श्वास. मास्तरांनी सुरी खाली ठेवली आणि ते उभे राहिले. मसुराला उकळी फुटली, झाकण थडथडायला लागलं, फेस शेगडीवर उतरला. ते हलले नाहीत.

"प… पपा," डोर्ले म्हणाली. "माझ्या घराचं गरम पाणी बंद पडलंय."

मग ती दुरुस्तीवाल्याबद्दल सांगत राहिली. तो दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही, शेजाऱ्यांकडे अंघोळीला जावं लागतं, त्यांच्याकडचा साबण तिला आवडत नाही. यात मास्तरांनी करण्यासारखं काही नव्हतं आणि तिनं काही मागितलंही नाही. ते फक्त हं म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, "बरं. ठे… ठेवते मग."

"ठेव," मास्तर म्हणाले.

फोन बंद झाल्यावर त्यांना एकदम किती तरी प्रश्न सुचले. दुरुस्तीवाल्याचं नाव काय, जुना बॉयलर आहे की नवा, पुन्हा कधी बोलशील. नंबर फिरवायला त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला. मग तो टेबलावर पालथा ठेवला, शेगडी बंद केली, आणि ओलं फडकं घेऊन सांडलेलं पुसायला लागले.